घर कोणी सोडायचं?

नवरा मारतो असं कळलं की आपला पहिला प्रश्न तिलाच असतो, ‘मग राहते कशाला तिथं?’ माहेरचे म्हणतात, ‘थोडं सांभाळून घे.’ सोसायचं तिनं, नाहीतर बॅग भरायची तिनं. त्यानं घराबाहेर पडावं, असं सहसा कोणी म्हणत नाही.

कायदा मात्र म्हणतो. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ला लागू झाला. घर कोणाच्या का नावावर असेना, सामायिक घरात राहण्याचा हक्क तिला कलम १७ देतं. कलम १९खाली न्यायदंडाधिकारी नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात, नाहीतर तिची तशीच दुसरी सोय करायला लावतात. त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही, एफआयआरही लागत नाही.

पण ‘घर कोणाचं’ हा प्रश्न न्यायालयालाही अवघड गेला. सासूच्या मालकीच्या घरावर सुनेला हक्क सांगता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६मध्ये म्हटलं. तो अर्थ चुकीचा होता, हे त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ऑक्टोबर २०२०मध्ये सांगितलं. मधल्या चौदा वर्षांत किती जणींना ‘हे घर तुझ्या नवऱ्याचं नाही’ हे ऐकून उंबरा ओलांडावा लागला असेल!

‘तो हात नाही हो उगारत, पगाराचं कार्ड तेवढं त्याच्याकडे असतं.’ हे सांगताना तिला ती तक्रारही वाटत नसते. कायद्याच्या लेखी मात्र बायकोचे पैसे अडवणं, स्त्रीधन विकणं, रोजचा पाणउतारा, हीसुद्धा हिंसाच.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जवळपास ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी कुठल्या ना कुठल्या कारणासाठी नवऱ्यानं मारणं योग्य ठरवलं. त्यातलं मोठं कारण, सासू-सासऱ्यांचा मान न राखणं. बायकांचा आकडा वाचून मला तरी त्यांचा राग आला नाही. आपण लेकींना काय शिकवून सासरी धाडतो, ते त्यात दिसलं.

या कायद्याखाली अर्ज तिनंच करायला हवा असंही नाही. खबर शेजारीही देऊ शकतात, संरक्षण अधिकाऱ्याला. सद्‌हेतूनं दिली तर खबर देणाऱ्यावर खटला होत नाही, ही हमी कलम ४मध्ये आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. खबर दिल्यावर तिचा नवरा दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटला तर काय बोलायचं, हे मात्र कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही.