व्यंग झाकावे की दाखवावे?

विक्रेत्याने आपल्या मालातील दोष घेणाऱ्याला स्वतःहून सांगितला पाहिजे काय? सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला हा प्रश्न आम्ही प्रथम अभ्यासला, तेव्हा त्याचे उत्तर आम्हांला फार सोपे वाटले होते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिया' या ग्रंथात त्याचा स्वतंत्र विचार केला आहे, आणि उदाहरणेही अगदी बाजारातली घेतली आहेत: लंगडा घोडा तेज म्हणून विकणे, मोडकळीला आलेले घर भक्कम म्हणून विकणे. दोष लपलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याला धोका वा तोटा संभवत असेल, तर तो सांगणे बंधनकारक आहे. दोष उघड दिसणारा असेल, घोडा एका डोळ्याने आंधळा असेल आणि किंमत त्या मानाने उतरवली असेल, तर न सांगितला तरी चालतो. परीक्षेत आम्ही हे लिहिले आणि चांगले गुणही मिळवले. पुढे पंचवीसेक वर्षांनी एका जनावराने तेच उत्तर पुन्हा आमच्यासमोर आणून उभे केले.

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एका लहान धर्मग्रामात, तेथील धर्मगुरू रजेवर असताना, सहा आठवडे सेवा करण्याचा योग आम्हांस आला होता. चहूकडे मका आणि सोयाबीन. जुलै महिना म्हणजे तिकडे काउंटी फेअरचा, त्या त्या परगण्याच्या कृषिमेळ्याचा हंगाम. 'फोर-एच' या संघटनेतील शाळकरी मुले वर्षभर वाढवलेली जनावरे घेऊन मेळ्याला येतात. ज्या कुटुंबाकडे आमचे रोजचे जेवण असे, त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीने एक काळा गोऱ्हा तयार केला होता. तिकडे त्याला 'स्टीअर' म्हणतात: लहानपणीच खच्ची केलेला, मांसासाठी वाढवलेला, दीड वर्षाच्या आत-बाहेर सहाशे किलोंच्या घरात जाणारा. मेळ्यात त्याचा लिलाव होतो आणि तेथून तो कत्तलखान्यात जातो. हे त्या मुलीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरी ती त्याला रोज दोनदा धूत असे, वाऱ्याच्या यंत्राने वाळवीत असे आणि केस दाट यावेत म्हणून दुपारच्या उन्हात पंख्याखाली बांधीत असे.

त्या गोऱ्ह्यात एक व्यंग होते. मागच्या पायाच्या मध्यावर जो मागे वळलेला सांधा असतो, त्याला जेवढा बाक हवा तेवढा नव्हता. पाय खांबासारखे सरळ होते. असे जनावर आखडून चालते. चांगल्या चालीत मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्या जवळ पडतो. याचा वीतभर अलीकडेच पडे. हाडाची ठेवण खाऊपिऊ घालून बदलत नाही, पण दिसणे बदलता येते. मेळ्याच्या सकाळी मुलीच्या वडिलांनी त्या पायांवर जे काम केले, ते पाहून आम्ही थक्क झालो. चिकट द्रव्य फवारून केस वर विंचरून उभे केले, मग सांध्याच्या मागच्या टोकावर ते राखून पुढच्या अंगाचे बारीक कातरले, आणि नसलेला बाक डोळ्यांना दिसू लागला. उभे करतानाही युक्ती असते. टोकाला आकडी असलेल्या लांब काठीने जनावराचे पाय हवे तेथे सरकवायचे आणि ते शांत राहावे म्हणून त्याच काठीने पोट खाजवायचे. मागचा पाय किंचित पुढे घेतला की सरळपणा लपतो.

"फादर, हे खोटं बोलणं झालं का?" मुलीने विचारले.

आम्ही तयार उत्तर दिले. सगळेच करतात, सगळ्यांना ठाऊक असते, परीक्षकालाही ठाऊक असते; मग फसवणूक कोणाची? थॉमस यांनी प्रसाधनाविषयी केलेला भेदही आम्हांला आठवला: नसलेले सौंदर्य असल्याचे भासवणे वेगळे, आणि आजारासारख्या कारणाने आलेली कुरूपता झाकणे वेगळे; दुसरे निर्दोष आहे. शिवाय परीक्षक जनावराला चालायला लावतोच. आमच्या गावाकडच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो, हेडे शिंगे तासून-रंगवून बैल उभे करतात. पण जाणता शेतकरी रुमालात हात घालण्याआधी बैल दहा पावले चालवून बघतो. जोवर चालवून पाहण्याची मुभा आहे, तोवर केस कातरणे म्हणजे सणाला चांगले कपडे घालण्यापैकीच होय. १९९४ साली ओहायओच्या राज्यमेळ्यात काही विजेत्या जनावरांच्या कातडीखाली तेल टोचल्याचे कत्तलीनंतर उघडकीस आले, त्या प्रकाराचा निकाल द्यायला तत्त्ववेत्ता लागत नाही. टेक्सासमधील काही मोठ्या प्रदर्शनांनी तर जनावराचे केस अगदी आखूड कापूनच आणावे असा नियम केला आहे, म्हणजे वादच नको.

मुलीचे समाधान झालेले दिसले नाही. तिची खरी अडचण दुसरीच होती, आणि ती आम्हांला न्याहारीच्या वेळी कळली.

या मेळ्यांत दोन निराळ्या स्पर्धा असतात. एकीत जनावराची पारख होते. दुसरीत जनावर हाताळणाऱ्या मुलाची. तीत परीक्षक जवळ येऊन प्रश्न विचारतो, आणि एक प्रश्न बहुधा ठरलेला असतो: या जनावरात तुला काही बदलता आले, तर काय बदलशील? त्या दिवशी सकाळी हाताळणीची स्पर्धा आणि दुपारी गोऱ्ह्यांची, परीक्षक मात्र एकच. वडिलांनी तिला पढवून ठेवले होते: पाठीवर मांस थोडे कमी आहे, एवढे सांग. तेही खरेच होते. मांस कमी होते.

येथे मात्र आम्ही चमकलो. पापनिवेदनाच्या जाळीमागे बसून ज्याने काही वर्षे काढली आहेत, त्याला ही युक्ती अपरिचित नाही. माणूस येतो, लहानसे पाप अगदी तपशिलाने सांगतो, त्यासाठी डोळ्यांत पाणीही आणतो. आणि मोठे पाप त्या लहानाच्या मागे उभे असते. सांगितलेले सारे खरे असते. नीतिशास्त्रात 'मनातल्या मनात राखून ठेवणे' या नावाचा एक वाद आहे. बोललेल्या शब्दांना जो अर्थ मुळातच नाही, तो मनात पुरा करून शपथ वाहिली तरी चालते, असे म्हणणाऱ्यांचे मत पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली निषिद्ध ठरवले. मात्र त्या मुलीच्या वडिलांनी सुचवलेल्या उत्तरात असे काहीच नव्हते. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता, आणि सबंध उत्तर फसवे होते. थॉमस यांच्या घोड्याच्या उदाहरणात विक्रेता गप्प असतो. येथे त्याला विचारले गेले आहे.

आम्ही तिला काही सांगितले नाही. सांगायला हवे होते काय, हे आजही आम्हांस ठरवता आलेले नाही.

रिंगणाच्या कठड्यालगतच्या बाकावर आम्ही बसलो होतो. परीक्षकाने तो प्रश्न विचारला. मुलीने गोऱ्ह्याच्या पोटाखालची काठी थांबवली. "मागचे पाय," ती म्हणाली. "फार सरळ आहेत. पाऊल आखडतं." आमच्या शेजारी तिचे वडील होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

दुपारी सातांमध्ये तिचा गोऱ्हा तिसरा आला. निकालाची कारणे ध्वनिक्षेपकावर सांगताना परीक्षक त्याच्या पायांविषयी बोलला. पण चारही बाजूंनी चालवून त्याने ते स्वतः पाहिलेच होते. मुलीच्या उत्तराने काही बिघडले की घडले, हे कळायला मार्ग नाही. कळले असते तरी आमच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नव्हता.

लेवीय ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात अर्पणाच्या पशूंविषयी एक चमत्कारिक वाटणारा नियम आहे. ज्या बैलाचा वा मेंढराचा एखादा अवयव प्रमाणाबाहेर लांब किंवा आखूड असेल, तो खुशीचे अर्पण म्हणून चालतो. नवस फेडण्यासाठी चालत नाही. पशू तोच. तो कोणत्या नावाने पुढे आणला जातो, यावर सारे अवलंबून. नवसाच्या मागे दिलेला शब्द असतो, आणि दिलेल्या शब्दाच्या जागी उणे जनावर उभे करता येत नाही. त्या रिंगणात काठीने पाय सरकवणे ही मुलीची खुशीची मांडणी होती. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र नवसाच्या जातीचे होते.

हे सारे आम्ही एवढ्या तपशिलाने का लिहीत आहोत, ते आता सांगितले पाहिजे. आयोवाला जाण्याच्या बरीच वर्षे आधी, आम्ही एका ग्रामीण धर्मग्रामात असताना, दूरच्या गावचे एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. त्यांच्या मुलीला आमच्या गावातील एका तरुणाचे स्थळ सांगून आले होते. "फादर, मुलगा कसा आहे?" असे त्यांनी विचारले. त्या मुलाचे पिणे आम्हांला ठाऊक होते. पापनिवेदनातून नव्हे, रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी पाहिलेले. आम्ही म्हणालो, "रविवारची मिस्सा चुकवत नाही. आईवडिलांना धरून आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ते गृहस्थ आमचा हात हातात घेऊन निघून गेले. जोडीदाराच्या गंभीर गुणदोषाविषयी फसवून मिळवलेली विवाहसंमती अवैध ठरते, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे १०९८ वे कलम सांगते. लग्नाच्या तयारीच्या वर्गात ते आम्ही स्वतःच शिकवत असू. दोन वर्षांनी ती मुलगी कडेवर मूल घेऊन माहेरी परतली. तिच्या वडिलांची आणि आमची पुढे एकदा एका सणाला गाठ पडली. त्यांनी आमची प्रकृती विचारली, बाकी काही नाही.

लिलाव शनिवारी संध्याकाळी झाला. गावातील बियाण्यांच्या दुकानदाराने बाजारभावापेक्षा बरीच अधिक बोली लावून गोऱ्हा घेतला. मुलांच्या शिक्षणाला हातभार म्हणून तिकडे तशी रीतच आहे. गाडी पहाटे येणार होती. रात्री आम्ही निरोप घ्यायला गोठ्याकडे गेलो, तेव्हा ती मुलगी एकटीच खाली बसून तेलाने आणि गरम पाण्याने त्याच्या मागच्या पायांवरचे चिकट द्रव्य सोडवीत होती. आता कशाला, असे आम्ही विचारले. "त्याला खाज येते," ती म्हणाली. ओले केस खाली बसले होते आणि दिव्याच्या उजेडात तो पाय जसा होता तसा, खांबासारखा सरळ, दिसत होता. तिने दुसरी बादली आणायला सांगितली, ती आम्ही आणून दिली.