वस्त्रे साताऱ्याची, सत्ता पुण्याची

इ.स.पूर्व २७ च्या जानेवारीत ऑक्टेव्हियनने आपले असाधारण अधिकार रोमच्या सिनेटला परत केल्याचे जाहीर केले. सिनेटने कृतज्ञतेने त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी दिली आणि ज्या प्रांतांत बहुतेक फौजा होत्या, ते त्याच्याच हाती सोपवले. पुढेही वर्षाला कॉन्सल नेमले जात राहिले, सिनेट भरत राहिली, ठराव होत राहिले. प्रजासत्ताक नेमके कधी संपले, हे रोमच्या रस्त्यावरच्या माणसाला सांगता आले नसते.

सातारकराला यात नवे काही वाटू नये. आपली गादी राजाची होती, तिथे प्रजासत्ताक कधीच नव्हते, हा फरक मान्य. पण जुनी पदे जागच्या जागी ठेवून सत्ता कशी सरकते, हे साताऱ्यानेही पाहिले आहे. सवाई माधवराव १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मले आणि चाळिसाव्या दिवशी त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. वस्त्रे रीतीप्रमाणे साताऱ्याहून आली. ज्यांच्या नावाने आली, त्या छत्रपती रामराजांचा कारभारात काही हात उरलेला नव्हता. तान्ह्या मुलालाही साताऱ्याची मान्यता लागत होती. ती नाकारण्याची सोय मात्र साताऱ्याला नव्हती.

हे एका रात्रीत झाले नाही. शिवाजी महाराजांचे अष्टप्रधान रोख पगारावर होते आणि पद वारशाने मिळत नसे. राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी झुंजताना सरदार टिकवायला वतने आणि सरंजाम द्यावे लागले. ती त्या वेळची गरज होती. पण ज्याच्याकडे मुलूख त्याची फौज, आणि ज्याची फौज त्याचा शब्द, असे होत गेले. १७२० मध्ये कऱ्हाडजवळच्या मसूरला शाहू महाराजांनी तरुण बाजीरावाला पेशवाई दिली, तेव्हा प्रतिनिधी, सेनापती ही पदे त्याच्या तोलाची होती. १७३१ मध्ये डभईला सेनापती त्रिंबकराव दाभाडे पेशव्याशीच लढताना पडले. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज वारले आणि पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या कराराने कारभार पुण्याला गेला. ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद करून तो फिरवण्याचा प्रयत्न केला, पण वेळ निघून गेली होती.

रोममध्येही मूळ दुखणे हेच. मारियसच्या काळापासून भूमिहीन माणसे सैन्यात येऊ लागली. निवृत्तीनंतर जमीन मिळण्यासाठी ती सिनेटकडे बघत नसत, आपल्या सेनापतीकडे बघत. सुल्ला, सीझर, ऑगस्टस हे त्या वाटेवरचे टप्पे. सीझरला भर सभेत मारूनही ती वाट बंद झाली नाही, कारण सैनिकाची भाकरी कुणाच्या हातात आहे, हे त्या खुनाने बदलले नव्हते.

उलट दिशेचे उदाहरणही याच मुलखात आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी २१ जानेवारी १९३९ रोजी प्रजेला स्वराज्याची घटना दिली. ती आखताना गांधीजींचा सल्ला घेतला होता. अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन त्यात खपले. आज साताऱ्यात असलेले औंध आणि सांगलीत असलेली आटपाडी, कुंडल या संस्थानातली. गावाने पंचायत निवडायची आणि गावचा कारभार, न्यायनिवाडासुद्धा तिनेच बघायचा, अशी रचना होती. राजाने पद ठेवले आणि अधिकार खाली दिले. ऑगस्टसने नेमके याच्या उलट केले होते.

आज या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव सोसायट्या, बँका, साखर कारखाने आहेत. त्यांची घटना लोकशाहीची आहे, निवडणुका होतात, वार्षिक सर्वसाधारण सभा भरते. अनेक ठिकाणी विषयपत्रिकेवरचा विषय वाचून होण्याआधीच मंडपातून ‘मंजूर, मंजूर’ ऐकू येते आणि तासाभरात सभा जेवणाकडे वळते. पोटनियम सगळे पाळलेले असतात. अशा संस्थेत सत्ता सभासदांची आहे की एका माणसाची, हे इतिवृत्त वाचून कळणार नाही. सभेत उठून ताळेबंदावर प्रश्न विचारणाऱ्या सभासदाचा ऊस पुढच्या हंगामात इतरांच्या बरोबरीने तुटतो का, एवढे बघावे.