बंद दाराआडचा शब्द

माणूस आपल्या घराच्या चार भिंतींत जे बोलतो त्याबद्दल समाजाने त्याला शिक्षा करावी काय? हा प्रश्न तसा जुनाच आहे. परंतु अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या जगात २०१४ साली तो अशा स्वरूपात उभा राहिला, की नीतीचा विचार करणाऱ्याला त्याकडे दुर्लक्ष करता येऊ नये. आपल्यापैकी अनेकांना त्या खेळाशी कर्तव्य नसेल. तथापि त्या प्रकरणातून जे प्रश्न निर्माण होतात ते आपल्या ओसरीपर्यंत येऊन पोहोचतात.

लॉस एंजेलिस क्लिपर्स या संघाचे मालक डोनाल्ड स्टर्लिंग हे एक गर्भश्रीमंत नव्हे, तर स्वकर्तृत्वाने धनाढ्य झालेले वकील व घरमालक. १९८१ साली त्यांनी हा संघ सुमारे सव्वा कोटी डॉलरला विकत घेतला होता. २५ एप्रिल २०१४ रोजी त्यांच्या एका खाजगी संभाषणाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. आपल्या मैत्रिणीने कृष्णवर्णीयांसोबतची छायाचित्रे लोकांपुढे मांडू नयेत, त्यांना आपल्या सामन्यांना घेऊन येऊ नये, असे ते तिला बजावीत होते. ज्यांच्यासोबतच्या छायाचित्रावरून हा वाद निघाला ते मॅजिक जॉन्सन म्हणजे या खेळातील एक थोर खेळाडू. लीगमधील सुमारे तीन-चतुर्थांश खेळाडू कृष्णवर्णीय होते. स्टर्लिंग यांच्या संघाचे प्रशिक्षक डॉक रिव्हर्स हेही कृष्णवर्णीयच.

दोनच दिवसांनी, २७ एप्रिलला, क्लिपर्सचे खेळाडू ओकलंड येथे सामन्यासाठी उतरले. सरावाची जाकिटे त्यांनी मैदानाच्या मध्यभागी उतरवून ठेवली आणि आतले सदरे उलटे घालून, संघाचे नाव झाकून, त्यांनी मूकपणे सराव केला. अनेक कंपन्यांनी आपल्या जाहिराती काढून घेतल्या. २९ एप्रिलला लीगचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी स्टर्लिंग यांच्यावर आजन्म बंदी घातली, नियमांनी घालून दिलेल्या कमाल मर्यादेइतका म्हणजे २५ लाख डॉलर दंड केला आणि त्यांना संघ विकावयास लावावा, अशी इतर मालकांना विनंती केली. अवघ्या चार दिवसांत सारे आटोपले.

हे योग्य झाले काय?

ख्रिस्ती माणूस या प्रश्नाचा विचार करू लागला, की त्याला प्रथम एक गोष्ट मान्य करावी लागते. खाजगीत केले म्हणून पाप हे पाप राहत नाही, असे आपला धर्म सांगत नाही. मिस्साच्या आरंभी आपण जो पापांगीकार करतो त्यात विचार, शब्द, कृती आणि कर्तव्यातील कसूर या चारही गोष्टी येतात. मुखातून जे बाहेर पडते ते अंतःकरणातील साठ्यातूनच येते, अशी प्रभू येशूची शिकवण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली वंश, वर्ण वा धर्म यांवरून होणारा भेदभाव ख्रिस्ताच्या मनाविरुद्ध असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. तेव्हा ‘ते खाजगीत बोलले, म्हणून त्यात वावगे काही नाही’ हा बचाव आपल्यापुढे टिकत नाही.

परंतु पाप असणे आणि मानवी न्यायासनाने शिक्षा करण्याजोगा अपराध असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानवी कायद्याच्या मर्यादा सांगताना संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच दोन मुद्दे स्पष्ट केले होते. एक म्हणजे मानवी न्यायाधीशाला केवळ बाहेर प्रकट झालेल्या कृतीचा न्याय करता येतो. अंतःकरणातील हालचाली त्याच्या दृष्टीआड असतात. दुसरे म्हणजे मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणाच्या मागे लागू नये. ज्यांमुळे इतरांना इजा होते आणि समाजजीवन टिकणे अशक्य होते, प्रामुख्याने त्या दुर्गुणांना त्याने आवर घालावा. अंतःकरणातील गोष्टींचा निवाडा ख्रिस्तसभाही आपल्या न्यायालयात करीत नाही, असे एक जुने धर्मशास्त्रीय सूत्र आहे. तो निवाडा परमेश्वराकडे आणि प्रायश्चित्त संस्काराच्या गुप्ततेत असतो.

राज्यसंस्थाही अशीच मर्यादा पाळते. आपल्या देशातील १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा दलित व आदिवासी बांधवांच्या जातिवाचक अपमानाला कठोर शिक्षा सांगतो. पण तो अपमान लोकांच्या नजरेस येईल अशा ठिकाणी झालेला असावा, अशी त्याची अट आहे. इमारतीच्या चार भिंतींत, बाहेरचे कोणी उपस्थित नसताना झालेले भाषण या अटीत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एका निकालात सांगितले. असे शब्द निर्दोष आहेत, असा याचा अर्थ नव्हे. तुरुंगात टाकण्याची शक्ती ज्याच्या हाती आहे त्याने घराच्या उंबरठ्याशी थबकावे, हा त्यामागचा शहाणपणा आहे.

मग लीगने तो उंबरठा ओलांडला काय? येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागेल. लीग म्हणजे राज्य नव्हे. ती काही मालकांनी परस्परांशी करार करून उभारलेली संघटना आहे. तिच्याकडे तुरुंग नाही. कोणाला सभासद ठेवावे आणि कोणाला ठेवू नये, एवढाच तिचा अधिकार. शिवाय संघमालक हा केवळ तिकीट काढून आलेला प्रेक्षक नसतो. कोणाला संघात घ्यावे, कोणाला किती वेतन द्यावे, कोणाला दुसऱ्या संघाकडे पाठवावे, यांवर अखेरचा शब्द त्याचा असतो. त्याचा मानवी जिवांवर अधिकार चालतो.

एक दृष्टांत घेऊ. एखादा न्यायाधीश आपल्या घरी जेवताना म्हणाला, की अमुक जमातीच्या माणसांवर माझा विश्वास नाही, मला ती माझ्या आसपास नकोत. एवढ्या बोलण्यावरून त्याला कोणी कोठडीत टाकणार नाही, टाकूही नये. परंतु ते बोलणे कळल्यानंतर त्या जमातीच्या आरोपीला आपण त्याच्यापुढे उभे करू काय? न्यायाधीशाने आजवर सर्व निकाल चोख दिले असले, तरीही नाही. कारण ज्या विश्वासावर त्याचे आसन उभे होते तो विश्वास गेलेला असतो. त्याचे आसन काढून घेणे ही मनातल्या विचाराची शिक्षा नसून, त्याच्यापुढे ज्यांना उभे राहावयाचे आहे त्यांचे संरक्षण असते.

स्टर्लिंग प्रकरणातील निर्णयाचे समर्थन करावयाचे तर ते या मार्गाने करता येते. हे शब्द मुळात खाजगी होते की नव्हते, यापेक्षा ते आता सार्वजनिक झाले आहेत आणि त्या मालकाचे विचार व्यक्त करतात, अशा आशयाचे उत्तर सिल्व्हर यांनी दिले होते. ज्या खेळाडूंनी सदरे उलटे केले त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच माणसासाठी घाम गाळा, असे सांगणे अमानुष ठरले असते. मालकी हे एक विश्वस्तपद आहे, ही कॅथोलिक सामाजिक शिकवणीतील जुनी धारणा येथे उपयोगी पडते. मालमत्ता आपली असते. पण तिच्या आधाराने ज्यांचे जीवन चालते ती माणसे आपली मालमत्ता नसतात.

एवढे मान्य केल्यावर दोन आक्षेप उरतात, आणि ते दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप ध्वनिमुद्रणाविषयीचा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार गोपनीय संभाषण मुद्रित करण्यास सर्व संबंधितांची संमती लागते. ती येथे होती की नव्हती याविषयी दोन्ही बाजूंचे म्हणणे परस्परविरुद्ध होते. आठव्या आज्ञेचे विवरण करताना १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिकवणुकीचा ग्रंथ सांगतो, की सबळ कारणावाचून दुसऱ्याचे दोष उघड करणे, ते दोष खरे असले तरी, पाप आहे. प्रायश्चित्त संस्कारातील संभाषण यंत्राने मुद्रित करणाऱ्यास २०२१ च्या सुधारित दंडसंहितेतही ख्रिस्तसभेने शिक्षा सांगितली आहे. तो संस्कार इतर संभाषणांहून वेगळा, हे खरे. तरी माणसाला निर्धास्तपणे बोलता यावे अशी एखादी जागा जगात असलीच पाहिजे, ही जाणीव त्यामागे आहे. जेथे प्रत्येक मित्राच्या खिशात मुद्रणयंत्र असते आणि प्रत्येक भांडणानंतर ते बाहेर काढता येते, तेथे मैत्री टिकणे कठीण. दुसऱ्या एका संघाचे मालक मार्क क्यूबन यांनी स्टर्लिंग यांच्या शब्दांचा धिक्कार करतानाच ही वाट निसरडी असल्याचा इशारा दिला होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता.

यावर उत्तर असे, की ‘सबळ कारण’ हा शब्दप्रयोग दोन्ही बाजूंनी तोलावा लागतो. जे खेळाडू त्या मालकाच्या हाताखाली राबत होते त्यांना ही गोष्ट कळण्यास सबळ कारण होते. ज्या कोट्यवधी लोकांनी ते ध्वनिमुद्रण करमणूक म्हणून ऐकले, त्यांना मात्र तसे कारण नव्हते. म्हणून अशा बाबतीत संघटनेने काही पथ्ये पाळावीत. संतापाच्या भरात निघालेला एखादा शब्द आणि मुरलेली वृत्ती यांत फरक करावा. बोलणाऱ्याच्या हाती इतरांवर किती अधिकार आहे ते पाहावे. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. आणि संघमालकाला लावलेला न्याय मैदान झाडणाऱ्या कामगाराच्या मिळकतीवर चालवू नये. फिनिक्स सन्सचे मालक रॉबर्ट सार्व्हर यांच्या प्रकरणी लीगने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये रीतसर चौकशी सुरू केली. शेकडो लोकांच्या मुलाखती झाल्या, आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये एक वर्षाची बंदी व एक कोटी डॉलर दंड असा निर्णय झाला. ही शिक्षा सौम्य असल्याची टीका झाली आणि थोड्याच दिवसांत त्यांनी संघ विकण्याचे जाहीर केले. शिक्षेविषयी मतभेद असोत. चौकशीची ती पद्धत मात्र चार दिवसांच्या घाईपेक्षा न्यायाच्या अधिक जवळची होती.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचणारा वाटतो. स्टर्लिंग यांचा वर्णद्वेष जगाला २०१४ साली कळला, असे नव्हे. अमेरिकेच्या न्याय खात्याने २००६ साली त्यांच्यावर दावा लावला होता. आपल्या इमारतींत घरे भाड्याने देताना ते कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषक वंशाचे लोक आणि मुलेबाळे असलेली कुटुंबे यांच्याशी भेदभाव करतात, असा आरोप होता. २००९ साली आरोप मान्य न करता त्यांनी २७ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून तो मिटविला. भाड्याच्या घरांतील भेदभावाच्या दाव्यात न्याय खात्याला तडजोडीने मिळालेली ती तोवरची सर्वांत मोठी रक्कम होती. ही गोष्ट कोणी चोरून मुद्रित केलेली नव्हती. ती न्यायालयाच्या दप्तरात उघड पडून होती. लीगने तेव्हा काय केले? काहीही नाही. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ पासून झटणाऱ्या एका नामवंत संघटनेच्या लॉस एंजेलिस शाखेने त्यांचा गौरव केला, आणि २०१४ च्या मे महिन्यात ती पुन्हा तसाच गौरव करणार होती. ध्वनिमुद्रण बाहेर आले, तेव्हाच तो रद्द झाला.

याचा अर्थ काय झाला? ज्या कुटुंबांना घर नाकारले जात असल्याचा आरोप होता, त्यांच्या वेदनेला आवाज नव्हता. शब्दांना मात्र आवाज होता, आणि तो जाहिरातदारांच्या कानी गेला. कृतीसाठी मौन आणि शब्दांसाठी आजन्म बंदी, हे माप उलटे आहे. आजची शिक्षा चुकीची होती, असे यावरून ठरत नाही. ती फार उशिरा आणि भलत्या निमित्ताने आली, असे ठरते. जी संस्था आपली अब्रू धोक्यात आल्यावरच जागी होते, ती अन्यायाचा न्याय करते की स्वतःच्या अडचणीचा, असा प्रश्न मग रास्तपणे विचारता येतो.

त्या शिक्षेचा शेवटही पाहण्याजोगा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये क्लिपर्स संघ स्टीव्ह बामर यांना २०० कोटी डॉलरला विकला गेला. दंड २५ लाखांचा, आणि सव्वा कोटीच्या मालाचे दोनशे कोटी. पैशाच्या भाषेत बोलणाऱ्या जगाने पैशाच्याच भाषेत शिक्षा केली, की ती अशी हास्यास्पद होते. मे महिन्यात दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत स्टर्लिंग यांनी क्षमा मागितली खरी, पण त्याच मुलाखतीत मॅजिक जॉन्सन यांना पुन्हा दूषणे दिली. आपल्या धर्मात पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई ही तिन्ही एकत्र नांदतात. भरपाई घरे नाकारलेल्यांना द्यावयाची असते. क्षमा आणि पद यांचीही गल्लत करू नये: पश्चात्तापी माणसाला क्षमेचे दार अखेरपर्यंत उघडे असते, म्हणून गमावलेले अधिकारपद त्याला परत मिळालेच पाहिजे, असे नाही.

तेव्हा माझे उत्तर थोडक्यात असे. ज्याच्या हाती इतरांचे भवितव्य आहे, त्याच्या खाजगी शब्दांनी तो त्या अधिकारास अपात्र ठरत असेल, तर संघटनेने तो अधिकार काढून घ्यावा. तो तिचा हक्क आहे आणि प्रसंगी कर्तव्यही आहे. मात्र शब्दांची चोरटी पुरावणी मिळेपर्यंत जी कृतीकडे डोळेझाक करते, तिने आपल्या न्यायप्रियतेचा डांगोरा पिटू नये.

आणि आपण? आपल्या घरांत कोणाचे ध्वनिमुद्रण होत नाही, म्हणून आपली सुटका होते असे समजू नये. लग्नाची बोलणी निघाली की मुलीच्या रंगावर जे बोलले जाते, वाडीत कामाला येणाऱ्या आदिवासी बाईचा ती गेल्यावर जसा उल्लेख होतो, दूरच्या प्रांतातून पोट भरावयास आलेल्या मजुराविषयी जेवताना जे शेरे मारले जातात, ते ऐकणारे कान घरातच असतात. ते कान मुलांचे असतात. आयुक्ताने स्टर्लिंग यांना शिक्षा केली, ती त्यांचे शब्द बाहेर गेले म्हणून. आपल्या मुलांच्या मनात आपले शब्द आतल्या आत रुजतात आणि वीस वर्षांनी ती मुले कोणाची तरी मालक, शिक्षक वा अधिकारी झाली, की कृती होऊन बाहेर येतात. त्या वेळी त्यांचा न्याय करावयास कोणती लीग पुढे येईल? म्हणून जेवणाच्या पाटावर बसताना आपण जी प्रार्थना म्हणतो, तिच्यानंतरचे बोलणेही तिला शोभेल असे असावे.