गोधडीचे तुकडे

सन 1813. लंडनच्या न्यूगेट तुरुंगात बायकांच्या कोठड्या माणसांनी गच्च भरलेल्या. पोरंबाळंही तिथंच, आयांच्या कुशीत. आत जाऊ नका, असं सांगणारे पुष्कळ होते. एलिझाबेथ फ्राय तरी गेल्या. क्वेकर पंथाच्या, पदरी मोठा संसार. पहिल्या खेपेला त्यांनी उपदेश केला नाही, लहानग्यांसाठी उबदार कपडे नेले.

पुढं 1817 साली मैत्रिणी जमवून त्यांनी मंडळ काढलं. मुलांची शाळा, बायकांना शिवणकाम, रोज बायबलचं वाचन. पण मला वाटतं, खरी किमया वेगळीच होती. तुरुंगात पाळायचे नियम त्यांनी कैदी बायकांपुढं वाचले आणि एकेका नियमावर हात वर करून मत घेतलं! ज्यांना कुणी कधी काही विचारलंच नव्हतं, त्यांना. श्रद्धा आधी की हा मान आधी, कोण सांगणार?

ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार होणाऱ्या बायकांना हे मंडळ सुया, दोरा आणि कापडाचे तुकडे द्यायचं. 1841 मध्ये एक जहाज टास्मानियाला निघालं. त्याचं नाव चक्क ‘राजा’. साडेतीन महिन्यांच्या त्या प्रवासात बायकांनी तुकड्याला तुकडा जोडत एक भलीमोठी गोधडीच शिवली. तिच्यावर मंडळातल्या बायांचे आभार टाक्यांनी लिहिले. ती आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. शिवणाऱ्या हातांची नावं मात्र तिच्यावर नाहीत.