तहानेची भीती

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. पण 2012 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात बागाच्या बागा वाळल्या. अंबड तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं टँकरचं पाणी विकत घेऊन निम्मी बाग कशीबशी वाचवली. निम्मी मुळासकट उपटून टाकावी लागली. तेव्हापासून त्यानं ठरवलं, झाडाला तहान म्हणून लागू द्यायची नाही.

पुढं पाऊस बरा झाला, शेततळं झालं. तो खोडाला लागून आळी करायचा आणि काठोकाठ भरायचा. रात्री लाईट आली तर रात्री उठायचा. जमीन काळी, भारी. पहिलं पाणी मुरायच्या आत दुसरं.

काही वर्षांनी फांद्या शेंड्याकडून वाळू लागल्या, पानं पिवळी पडली. त्याला वाटलं, पाणी कमी पडतंय. त्यानं पाणी वाढवलं. कृषी सेवा केंद्रातून औषधं आणली. एक फवारून झालं की दुसरं. वाळकी फांदी तोडावी, तर महिन्याभरात शेजारची वाळायची.

खुरपणीला येणाऱ्या मावशीनं एकदा अशा फांदीची साल नखानं खरवडली. शेंड्याला तपकिरी, हातभर खाली हिरवी. “फांदी मेली, झाड जितं हाय,” ती म्हणाली, आणि बुंध्याशी बसून खुरप्यानं माती ओढू लागली. कलमाचा सांधा मातीत गाडला गेला होता. साल कुजलेली, तिच्यातून डिंक ओघळलेला.

“बापू, वर कशाला फवारताय? दुखणं इथं हाय. तुम्ही अजून त्या सालच्या दुष्काळालाच पाणी पाजताय.”

त्याला राग आला. तरी सालीचा तुकडा घेऊन तो खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात गेला. तिथं कळलं, हा डिंक्या. याची बुरशी साचलेल्या पाण्यातून पोहत मुळाशी जाते.

मग काम सुरू झालं. सांधे उघडे केले. कुजकी साल चांगल्या सालीपर्यंत खरवडली. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, अशी बोर्डो पेस्ट करून बुंध्यांना लावली. वाळक्या फांद्या थोड्या हिरव्या भागासकट कापल्या, दर झाडागणिक कात्री पुसून. कापांवरही पेस्ट लावली. दुहेरी आळी केली, म्हणजे पाणी बाहेरच्या कड्यात राहील, खोडाला शिवणार नाही.

हे सगळं त्यानं भराभर केलं. जड गेलं ते मोटर बंद ठेवणं. दुपारी पानं जरा मलूल दिसली, की हात स्टार्टरकडे जायचा. मावशी म्हणायची, “सांजच्याला बघा.” संध्याकाळी पानं पुन्हा ताठ.

फार गेलेली झाडं गेलीच. बाकीच्यांना पालवी फुटली. गावातले लोक विचारायला आले, तेव्हा त्यानं पेस्टचं प्रमाण सगळ्यांना तोंडपाठ सांगितलं. पाणी कमी केलं, हे मात्र फक्त मावशी सांगत होती, आणि तिच्याकडं फारसं कुणी विचारायला जात नव्हतं.