शिकवणाऱ्याचं पुढे काय झालं?

गेल्या वर्षी मला ऑफिसात एक बॅज मिळाला. खराखुरा नाही, स्क्रीनवरचा. सोनेरी गोल, मध्ये दिवा आणि खाली ‘नॉलेज चॅम्पियन’. सगळ्या टीमला मेल गेला, त्याखाली टाळ्यांचे इमोजी पडले.

झालं असं होतं की कंपनीने ट्रेनिंगसाठी नवा प्लॅटफॉर्म आणला होता. ट्रेनिंगचे व्हिडिओ कुणी बघत नाही, लोक ते दुप्पट वेगाने पळवतात आणि शेवटच्या प्रश्नांवर टिक मारून मोकळे होतात, हे एचआरलाही कळलं होतं. म्हणून आता ‘सोशल लर्निंग’. म्हणजे लोकांनी एकमेकांकडून शिकायचं. कुणी प्रश्न टाकायचा, कुणी उत्तर द्यायचं, कुणी अनुभवावर टिपण लिहायचं. प्रत्येक गोष्टीला पॉइंट्स आणि महिनाअखेर नंबरांची यादी.

मी एक टिपण लिहिलं : रात्री प्रॉडक्शन बंद पडलं तर पहिल्या पंधरा मिनिटांत काय करायचं आणि काय करायचं नाही. ते सगळ्यात जास्त वाचलं गेलं, म्हणून बॅज.

त्या टिपणातला एकही मुद्दा मूळचा माझा नव्हता. ज्यांच्याकडून मी ते शिकले ते तोवर कंपनी सोडून गेले होते. त्यांच्या जाण्यात थोडा वाटा माझाही होता.

*

२०१९ साली इंजिनिअरिंग संपवून मी हिंजवडीत नोकरीला लागले. कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला डेडलॉकच्या चार अटी लिहून पूर्ण मार्क घेतले होते, पण खरोखर अडकलेला प्रोग्राम कधी पाहिला नव्हता. कंपनीच्या ट्रेनिंगमध्येही तो दिसला नाही. तिथे स्लाइड होत्या, एमसीक्यू होते, शेवटी सर्टिफिकेट होतं.

टीममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक सीनियर बसायचे. बारा-तेरा वर्षांचा अनुभव. पहिल्या दिवशी मी ‘सर’ म्हणाले, तर म्हणाले, “अगं सर काय, नावाने हाक मार.” नावाने हाक मारायला लागले, पण ‘तुम्ही’ काही सुटलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी आमची एक सर्व्हिस अडकली. चालू दिसत होती, पण कुणालाच उत्तर देत नव्हती. माझा हात रीस्टार्टकडे गेला.

“थांब,” ते म्हणाले. “रीस्टार्ट केलंस तर चालेल ती. पण का अडकली होती, ते पुसलं जाईल. आधी बघून घे.”

त्यांनी मला थ्रेड डंप घ्यायला लावला. त्या क्षणी प्रोग्रामचा प्रत्येक थ्रेड कोणत्या ओळीवर उभा आहे, त्याचा फोटोच म्हणा. एक नाही, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन. “तिन्ही फोटोंत जो त्याच जागी उभा आहे, त्याच्यावर संशय घ्यायचा.” मधल्या वेळात कॉलवर विचारणा चालूच होती, कधी सुरू होणार, कधी सुरू होणार. ते शांतपणे म्हणाले, “आत्ता मला माहीत नाही. वीस मिनिटांनी सांगतो.”

सापडलं. सगळे थ्रेड डेटाबेसच्या कनेक्शनची वाट बघत उभे होते. कनेक्शन घेऊन परत न करणारा कोड आठवड्यापूर्वीच्या बदलात होता, आणि तो बदल माझा होता. त्यांनी स्क्रीनवरचं नाव पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “चल, आता कर रीस्टार्ट.”

थ्रेड डंप कसा घ्यायचा हे इंटरनेटवर पाच मिनिटांत सापडतं. पण इतक्या अनुभवाचा माणूस सगळ्यांसमोर ‘मला माहीत नाही’ म्हणू शकतो आणि त्याने आभाळ कोसळत नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चूक कुणाची हे कळल्यावरही आवाज न चढवता पुढचं काम करता येतं, हेही.

पुढचं दीड वर्ष असंच गेलं. मी अडायचे, खुर्ची सरकवायचे, ते हातातलं काम बाजूला ठेवायचे. घरून काम सुरू झाल्यावर खुर्चीच्या जागी स्क्रीन शेअर आलं, एवढाच फरक. माझ्यासारखेच आणखी दोघं होते.

मग अप्रेझल आलं. मॅनेजरने आम्हा तिघांकडून त्यांच्याबद्दल फीडबॅक मागवला. फॉर्ममध्ये रकाने होते : डिलिव्हरी, वेळ, गुणवत्ता, सहकार्य. त्याच आठवड्यात मी डॅशबोर्ड पाहिला होता. त्या तिमाहीत मी बंद केलेली टिकेटं त्यांच्यापेक्षा जास्त होती! मला स्वतःचं कौतुक वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल थोडी शंकाही आली. मी लिहिलं : ‘सहकार्य उत्तम. कामाचा वेग वाढवता येईल.’

माझी टिकेटं बंद होत होती, कारण त्यांची उघडी राहत होती. एवढं साधं गणित मला, इंजिनिअरला, तेव्हा सुटलं नाही. की सोडवायचं नव्हतं?

त्यांना सगळ्यात खालचं रेटिंग मिळालं. चार महिन्यांनी त्यांनी पेपर टाकला. माझ्या एका ओळीने हे झालं असं मी म्हणत नाही. पण ती ओळ त्या ढिगात होती.

*

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग तुम्ही कदाचित यूट्यूबवर पाहिला असेल. १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याने दोन सहकारी संशोधकांबरोबर ७२ लहान मुलांवर तो केला. ‘बोबो’ नावाची हवा भरलेली, ढकलली की परत उभी राहणारी बाहुली. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने तिला मारलं, हातोडीने ठोकलं. नंतर ती मुलं खेळायला गेली तेव्हा त्यांनीही बाहुलीला तसंच ठोकलं, काहींनी तर त्या माणसाच्या तोंडचे शब्दसुद्धा उचलले. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, बक्षीसही दिलं नव्हतं. त्यांनी फक्त पाहिलं होतं. ‘सोशल लर्निंग’ हे नाव ज्या विचाराला मिळालं, त्याच्या पायाशी हा प्रयोग आहे.

माझ्या डोक्यात घर करून बसलाय तो मात्र त्याचा १९६५चा प्रयोग. यात मुलांना फिल्म दाखवली. तीच बाहुली, तीच मारहाण, पण शेवट तीन वेगवेगळे. एकात मारणाऱ्याला शाबासकी आणि खाऊ मिळतो. दुसऱ्यात त्याला ओरडा आणि शिक्षा. तिसऱ्यात काहीच होत नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नंतर कमी नक्कल केली, हे अपेक्षितच होतं. मग संशोधकांनी सांगितलं, फिल्ममधला माणूस काय करत होता ते करून दाखवा, ज्यूस आणि स्टिकर मिळतील. तेव्हा तिन्ही गटांतला फरक पुसला गेला. शिक्षा पाहिलेली मुलंही तेवढंच शिकलेली होती. फक्त करत नव्हती.

म्हणजे शिकायला नुसतं बघणं पुरतं. शिकलेलं करायचं की नाही, हे पाहिलेल्या माणसाचं पुढे काय झालं त्यावर ठरतं.

आमच्या टीमनेही फिल्म पाहिली होती. खुर्ची सरकवून शेजारच्याला मदत करणारा माणूस पाहिला, आणि त्याला काय मिळालं तेही पाहिलं. त्यानंतर आमच्या ग्रुपवर कुणी काही विचारलं की ‘डॉक्युमेंट बघ’ असं उत्तर यायला लागलं. कुणी दुष्ट झालं नव्हतं. मदत कशी करायची हे सगळ्यांना येत होतं. फक्त कुणी करत नव्हतं.

वर्षभराने वरून निदान आलं की आपल्याकडे लोक नॉलेज शेअर करत नाहीत, काहीतरी आणायला हवं. माझी तक्रार इथे आहे. सोशल लर्निंग ‘आणायचं’ नसतं, ते चालूच असतं. सुरक्षिततेचा सक्तीचा व्हिडिओ आपण दुप्पट वेगाने पळवतो, आणि रिलीजच्या आदल्या रात्री मॅनेजर ‘टेस्टिंग नंतर बघू’ म्हणतो ते मात्र नीट, नेहमीच्या वेगाने ऐकतो. त्यातलं ट्रेनिंग कोणतं, हे वेगळं सांगायला नको.

*

मॅनेजरची बाजूही समजून घ्यायला हवी. मी नंतर त्याच्याशी बोलले, तेव्हा तो म्हणाला, “अगं, तो चांगला आहे हे मला माहीत होतं. पण वर काय दाखवू? फॉर्ममध्ये नाही ते मी कसं सिद्ध करू?” खोटं नाही. जे मोजलं जात नाही ते दिसत नाही.

मग मोजू या? तेच तर नव्या प्लॅटफॉर्मने केलं. पहिल्याच महिन्यात लोक इंटरनेटवरून टिपा उचलून चिकटवायला लागले, एकमेकांना लाइक द्यायचे करार झाले. सगळ्यात अवघड प्रश्नांना उत्तरं नव्हती, कारण एका अवघड उत्तराच्या वेळात दहा सोपी देता येतात. मोजलं नाही तर मदत करणारा मरतो, मोजलं तर मदत मरते.

या पेचातून थोडी वाट एका कंपनीत सापडते, जिच्या नावाने आपण गल्लीतलं फोटोकॉपीचं दुकान ओळखतो. १९८०च्या दशकात ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्सच्या मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरला. पुढे १९९६ साली त्यावर त्याचं पुस्तक आलं. कंपनीने तंत्रज्ञांना जाडजूड मॅन्युअल दिलं होतं. पण मशीन मॅन्युअलप्रमाणे बिघडत नसत. तंत्रज्ञ खरं शिकत ते नाश्त्याला, कॉफीला जमल्यावर, एकमेकांना बिघाडांच्या गोष्टी सांगताना. लांबून बघणाऱ्याला ते टाइमपास वाटलं असतं. तिथे काम चाललं होतं.

पुढे कंपनीने अशा युक्त्या साठवण्यासाठी ‘युरेका’ नावाची यंत्रणा उभी केली, तिची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. युक्ती तंत्रज्ञानेच लिहायची, जाणकार सहकाऱ्यांनी तपासायची. प्रत्येक युक्तीमागे पैसे द्यावेत का, हा प्रश्न तिथेही आला. शेवटी पैसे नाही, नाव द्यायचं ठरलं. युक्ती जिथे जाईल तिथे लिहिणाऱ्याचं नाव तिच्यासोबत जायचं.

पॉइंट्समुळे मी वरच्या नंबरावर जाते. नावामुळे मी कुणाची तरी ठरते. माझ्या टिपणावर नाव होतं, पण चुकीचं.

*

आपल्याकडे ऋषिऋणाची कल्पना आहे. ज्यांच्याकडून ज्ञान मिळालं त्यांचं ऋण अभ्यास करून आणि पुढे शिकवून फेडायचं. बरीच वर्षं मी या कल्पनेवर स्वतःची समजूत काढली. मी आता ज्युनियर मुलांना शिकवते ना, मग फिटलं.

पण हे जरा सोयीचं होतं. ते ऋषी नव्हते. त्यांच्या डोक्यावर फ्लॅटचा ईएमआय होता, शाळेत जाणारी मुलगी होती आणि वर्षातून एकदा येणारं अप्रेझल होतं. त्यांनी मला दिलेल्या ज्ञानाचं ऋण पुढे फिटेल. पण त्यांनी माझ्यासाठी खर्च केलेल्या वेळाची किंमत त्यांनी त्यांच्या रेटिंगमध्ये मोजली. ती पुढच्या कुणाला शिकवून कशी फिटेल? ती फेडायची एक संधी होती : कुणीतरी विचारलं तेव्हा खरं सांगणं. ‘यांची टिकेटं उघडी आहेत कारण माझी बंद आहेत.’ फॉर्मच्या कुठल्याही रकान्यात हे लिहिता आलं असतं.

शिकणाऱ्याचं कर्तव्य मला आता असं दिसतं. कृतज्ञता नंतर, आधी साक्ष. शिकवणाऱ्याचं काम डॅशबोर्डवर दिसत नाही, मॅनेजरला दिसत नाही. त्याचा एकमेव साक्षीदार म्हणजे ज्याला शिकवलं तो.

बॅज मिळाल्यावर पंधरा दिवसांनी मी त्यांना फोन केला. टिपणाबद्दल सांगितलं. फीडबॅकमध्ये मी काय लिहिलं होतं तेही सांगितलं.

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माहीत होतं गं. तिघंच तर होतात.”

“टिपणावर तुमचं नाव टाकते,” मी म्हणाले.

“टाक. पण ते तीन डंपचं मी माझ्या पहिल्या कंपनीत एका बाईंकडून शिकलो. त्यांचंही टाक.”

दोन्ही नावं टाकली. प्लॅटफॉर्मवर लेखकाच्या जागी एकच नाव बसतं, म्हणून टिपणाच्या पहिल्या ओळीत लिहिली. बॅज काढून टाकायची सोय नाही. तो अजून माझ्या प्रोफाइलवर आहे.

*

सध्या माझ्या शेजारी एक नवा मुलगा बसतो. काहीही समजावलं की ‘हो हो, कळलं’ म्हणतो. कळलेलं नसतं. हे तो कुणाकडून शिकला ते मी शोधत होते. मागच्या आठवड्यात एका मीटिंगमध्ये क्लायंटचं बोलणं ऐकताना मीच ‘हो हो, कळलं’ म्हणाले आणि तो माझ्याकडे बघत होता. पुढच्या मीटिंगमध्ये मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, “हे मला कळलं नाही. परत सांगाल का?” सोपं नव्हतं.

शुक्रवारी टाइमशीट भरताना एका ओळीत लिहिलं : ‘नव्या सहकाऱ्याबरोबर, सहा तास.’ नव्या मॅनेजरचा लगेच मेसेज आला, “हे कोणत्या प्रोजेक्ट कोडवर टाकू?”

असा कोड आमच्याकडे नाही. एक हवा, असं मी त्याला लिहून कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही, पण ती ओळ मी खोडलेली नाही.