गंज खरवडावा की राहू द्यावा?



इंग्लंडमध्ये कित्येक घरांच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एखादी जुनी स्पोर्ट्स कार उभी असते. पुष्कळदा ती 'एमजीबी' असते. १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. वडिलांनी तरुणपणी हौसेने घेतलेली गाडी संसार वाढल्यावर मागे पडते. वडील जातात आणि मुलापुढे प्रश्न येतो: ही दुरुस्त करावी की काढून टाकावी?

पैशाचा हिशोब केला तर उत्तर सोपे आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सारा भार पेलते. दरवाजाखालचा पत्रा वरून ठीक दिसतो, पण आतून गंजलेला असतो. तो कापून नवा बसवायचा म्हणजे खर्च बहुधा गाडीच्या किमतीच्या वर जातो. १९८८ पासून तिची संपूर्ण नवी बॉडीही तयार मिळू लागली. पण बॉडी नवी, रंग नवा, इंजिन बदललेले, तर मग वडिलांची गाडी उरली कुठे? आणि त्यासाठी जे रविवार खर्ची पडतील, ते मुलाबाळांच्या वाट्याचे असतील, हेही विसरून चालणार नाही.

अशा वेळी एक खरी घटना आठवते. स्वित्झर्लंडमधील अस्कोना गावाजवळ माज्जोरे सरोवराच्या तळाशी १९२५ सालची एक बुगाटी गाडी अनेक दशके पडून होती. जकात न भरल्यामुळे ती पाण्यात बुडवली गेली, असे सांगतात. २००८ साली जवळच्या लोकार्नो गावात उत्सवाच्या रात्री एका बावीस वर्षांच्या तरुणाला मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. त्याच्या नावाने तरुणांमधील हिंसाचाराविरुद्ध एक संस्था उभी राहिली. तिला मदत व्हावी म्हणून स्थानिक पाणबुड्यांनी जुलै २००९ मध्ये ती गाडी वर काढली. २०१० साली पॅरिसच्या लिलावात तिला दोन लाख साठ हजार युरोंहून अधिक किंमत आली. ज्या संग्राहकाने ती घेतली, त्याने तिला नवे रूप दिले नाही. कॅलिफोर्नियातील आपल्या संग्रहालयात त्याने ती गंजलेल्या अवस्थेतच मांडली.

ही गाडी पुन्हा कधी रस्त्यावर धावली नाही, तरी ती कामी आली. म्हणजे जुन्या वस्तूचा मान राखण्याचा मार्ग एकच नाही. ज्याला वेळ व ऐपत आहे आणि घरच्यांचा पाठिंबा आहे, त्याने ती जरूर दुरुस्त करावी. धावण्यासाठी बनलेली गाडी धावू लागली तर त्यात आनंदच आहे. ज्याला ते जमणार नाही, त्याने ती जाणकाराच्या हाती सोपवावी. एखादी गाडी इतकी दुर्मीळ असते की तिच्यावरील गंज हाच तिचा इतिहास असतो. ती आहे तशीच जपावी, मात्र कोरड्या जागी आणि लक्ष ठेवून.

या तिन्ही मार्गांत काही ना काही सोडावे लागते, कुठे पैसा, कुठे मालकी, तर कुठे चकाकी. काहीच सोडायला नको म्हणून आपण चौथा मार्ग धरतो. 'बघू पुढे कधीतरी' म्हणतो आणि ताडपत्री पुन्हा ओढून घेतो. आपण त्याला प्रेम म्हणतो, पण आत ओल चालूच असते आणि पत्रा झिजत राहतो. दहा वर्षांनी निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा निवड करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

आपल्याकडे स्पोर्ट्स कार नसेल. पण माळ्यावर, पडवीत 'कधीतरी' म्हणून झाकून ठेवलेले काहीतरी असतेच. ज्याने ते आपल्या हाती दिले त्याची आठवण ठेवून, या आठवड्यात एकदा ताडपत्री उचलून पाहावी.